पुराच्या पाण्याची वाट

मराठवाडा म्हटला की डोळ्यांसमोर येते ती भेगाळलेली जमीन आणि टँकरपुढची घागरींची रांग. मासे हा या प्रदेशाचा विषय आहे असे कुणी म्हटले, तर ऐकणारा हसेल. पण नांदेड जिल्ह्यातल्या उमरी तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते आणि तिच्या काठची भोई समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगत आली आहेत. उमरीच्या बाजारात गेलो की मासळीच्या टोपल्यांपाशी मी हटकून रेंगाळतो. टोपलीत काय आहे यावरून नदीची तब्येत कळते.

अलीकडे या टोपल्यांत कटला, रोहू, मृगळ, चिलापी आणि रूपचंद यांचीच गर्दी असते. पहिले तीन मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले, चिलापी आफ्रिकेची, तर रूपचंद थेट दक्षिण अमेरिकेतला. आपल्या नदीचे मरळ, वाम, शिवडा, शिंगटा मात्र शोधावे लागतात.

या रूपचंदाची मूळ कहाणी ऐकण्याजोगी आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात हा मासा पाण्याखाली गेलेल्या जंगलात शिरून झाडांची फळे आणि बिया खातो. तिथे मानौस शहरापाशी नदी दरवर्षी सुमारे १० मीटर चढते आणि उतरते. चढली की काठावरची शेकडो तळी नदीला मिळतात, मासे आत शिरतात, चरतात, वाढतात, आणि पाणी ओसरू लागले की परततात. कंबोडियात तर पावसाळ्यात मेकाँगचे पाणी एका उपनदीला उलटे वाहायला लावून तोनले साप हे सरोवर कित्येक पटींनी फुगवते. जुंक, बेली आणि स्पार्क्स या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये हे सूत्र मांडले: अशा नद्यांचे जीवन पाण्याच्या या वार्षिक चढउतारावर, जणू पुराच्या नाडीवर चालते. नाडी थांबली की माशांच्या जाती घटू लागतात.

आपल्या दख्खनच्या नद्यांना अशी विस्तीर्ण तळी नाहीत. पण तोच खेळ इथे लहान प्रमाणात चालतो. पूर आला की ओढ्यानाल्यांत पाणी मागे फुगते, सखल रानात पसरते. मृगाच्या पावसात चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात आणि उथळ, ताज्या पाण्यात अंडी घालतात. उन्हाळ्यात नदी आटली की डोह त्यांना सांभाळतात. मरळ तर वरची हवा घेऊन चिखलातही तग धरते. वाळूच्या उपशाने हे डोहच उद्‌ध्वस्त झाले, तर पुढच्या पावसाळ्यात वर चढायला मासा उरणार कुठून?

बंधाऱ्यात मत्स्यबीज सोडले की झाले, असे उत्तर मिळते. उत्पादन त्याने वाढते, हे नाकारता येणार नाही. पण कटला-रोहू साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून तर १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवले. बीज दर वर्षी विकत आणावे लागते. चढणीचा मासा पावसाबरोबर फुकट येतो. भोयांच्या घरात हा फरक रोख पैशांचा आहे.

इथे बाभळीचा बंधारा आठवतो. उमरीच्या खालच्या अंगाला, धर्माबाद तालुक्यातल्या या २.७४ टीएमसीच्या बंधाऱ्यावरून दोन राज्ये भांडली. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याची दारे वर उचललेली राहतील. पावसाचे पाणी डोळ्यांदेखत खाली पोचमपाडला जाते, याची सल इथल्या शेतकऱ्याला आहे आणि ती खोटी नाही. पण माशाच्या बाजूने पाहिले तर निराळेच दिसते. न्यायालयापुढे प्रश्न पाण्याच्या वाटणीचा होता, माशांचा नव्हता. तरीही ऐन विणीच्या हंगामात नदीची वाट मोकळी राहिली!

जे योगायोगाने झाले, ते इतर बंधाऱ्यांवर जाणूनबुजून का करू नये? बंधारे पाडा, असे मी म्हणत नाही. कोरड्या शेताला पाणी हवेच आहे. पण दारांचे वेळापत्रक ठरवताना मासेमारी संस्थांनाही बैठकीला बोलवावे, पहिल्या पुराचे काही दिवस वाहत्या पाण्याला द्यावेत, आणि गावागणिक एखादा तरी डोह वाळूच्या लिलावातून कायमचा वगळावा. पाणी किती साठले, हे आपण दर आठवड्याला मोजतो. त्या पाण्यात किती जातींचे मासे राहिले, याची नोंदही उमरीच्या बाजारापासून सुरू करायला हरकत नाही.