गाडी नसलेल्या वाटेवर एकवीस किलोमीटर

मुलगी ब्रिस्टलला नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको तिच्याकडे दोन महिने राहून आलो. जाताना बॅगेत लाल तिखट, पापड आणि दोघांच्या गोळ्यांचे डबे होते. आमच्यातल्या एकाला १० वर्षांपासून शुगर, दुसरीला गुडघेदुखी आणि बीपी. इकडचे डॉक्टर दर वेळी सांगतात, रोज चाला, नाहीतर सायकल चालवा. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण चालवायची कुठे, हे ते चिठ्ठीवर लिहून देत नाहीत.

आमच्या घरातही सायकल होती. २२ वर्षे तिच्यावर कारखान्यात जाणे-येणे झाले. एका संध्याकाळी मागून आलेला ट्रक हॅन्डलला घासून गेला, खांद्याचे हाड मोडले आणि दोन महिने कमाई बंद पडली. त्यानंतर सायकल भिंतीला टेकून राहिली ती भंगारवाल्याकडे जाईपर्यंत. शुगर निघाली ती त्याच्या पुढच्या वर्षी. त्यामुळेच निघाली असे आम्ही म्हणत नाही, पण बसून राहणे तेव्हापासूनच वाढले.

म्हणून मुलीने भाड्याच्या सायकली आणल्या तेव्हा आम्ही दोघांनी नाहीच म्हटले. ती म्हणाली, "बाबा, तिथे गाडीच नाही." आम्हाला वाटले, कमी गाड्या असतील.

खरोखरच नव्हत्या. ब्रिस्टल ते बाथ ही वाट १३ मैलांची, म्हणजे सुमारे २१ किलोमीटरची आहे. कधीकाळी ती रेल्वेलाइन होती. आता तिथे साधारण तीन मीटर रुंद डांबरी पट्टा आहे, आणि त्यावर चालणारे, सायकलवाले, बाळाची गाडी ढकलणाऱ्या आया, व्हीलचेअरवरची माणसे असे सगळे एकत्र असतात. मोठे रस्ते बहुतेक ठिकाणी वरून किंवा खालून जातात. आगगाडीसाठी बांधलेले पूल आता सायकलच्या कामी येतात. चढ म्हणावा असा चढ नाही, कारण इंजिनाला चढ झेपत नाही. गुडघेदुखीवालीने या एका गोष्टीसाठी त्या जुन्या इंजिनिअरांचे आभार मानले.

शहरातला पहिला तुकडा मात्र शांत नाही. सकाळी ऑफिसला जाणारे लोक वाऱ्यासारखे येतात. घंटी वाजवतात, "थँक्यू" म्हणतात आणि निघून जातात. आम्ही डावी बाजू धरून होतो. लांब दोरीला बांधलेल्या कुत्र्यांची भीती आम्हाला सायकलींपेक्षा जास्त वाटली. पहिल्या दिवशी जेमतेम दोन किलोमीटर गेलो आणि परतलो. लहानपणी दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकलेली सायकल अंगाला आठवत होती, पण मागून आवाज आला की खांदा आपोआप आखडत होता. मान वळवून पाहावे तर शाळेतली पोरे.

पुढे स्टेपल हिलचा बोगदा लागतो, साधारण अर्धा किलोमीटर लांब. आत दिवे आहेत, वरून पाणी ठिबकते आणि भर उन्हाळ्यात गार हवा अंगावर येते. तो पार केला की मँगट्सफील्डचे जुने स्टेशन लागते. फलाट अजून उभा आहे, फक्त गाडी येत नाही. वॉर्मलीला चहा मिळतो. बिटनजवळ रेल्वेप्रेमी मंडळींनी थोडी लाइन जिवंत ठेवली आहे, त्यामुळे वाटेच्या शेजारून अधूनमधून कोळशाचे इंजिन धूर सोडत जाते. मग शेते, गाई आणि पुन्हा पुन्हा आडवी येणारी एव्हन नदी.

ही वाट सरकारने आपणहून दिली नाही, हे आम्हाला मुलीच्या शेजाऱ्यांकडून कळले. १९६३ साली डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने तोट्यातल्या रेल्वेलाइनी बंद करण्याचा सपाटा सुरू झाला. इथली प्रवासी गाडी १९६६ साली थांबली आणि रूळ उखडले गेले. १९७७ साली ब्रिस्टलमध्ये काही सायकलवाल्या लोकांनी सायकलबॅग नावाचा गट काढला. १९७९ पासून त्यांनी आणि स्वयंसेवकांनी फावडी घेऊन बाथच्या बाजूने वाट तयार करायला घेतली, ती १९८६ पर्यंत पूर्ण झाली. याच गटाची पुढे सस्ट्रान्स ही संस्था झाली. १९९५ साली तिला लॉटरीच्या निधीतून ४ कोटी २५ लाख पौंड मिळाले आणि देशभर सायकल मार्गांचे जाळे उभे राहिले. निळ्या पाटीवर लाल चौकोनात मार्गाचा नंबर असतो. आमची वाट ४ नंबरची.

अशा वाटा आणखीही आहेत. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात टिसिंग्टन ट्रेल १९७१ सालीच खुला झाला. त्याच भागातला मॉन्सल ट्रेल साडेआठ मैलांचा आहे. तिथले बंद पडलेले बोगदे २०११ मध्ये दिवे लावून खुले केले, त्याआधी लोकांना टेकडीला वळसा घालावा लागे. कॉर्नवॉलचा कॅमल ट्रेल पॅडस्टोच्या बंदरापासून खाडीच्या काठाने जातो. बाथमध्येच टू टनेल्स नावाची वाट आहे, २०१३ ला खुली झालेली. तिचा एक बोगदा दीड किलोमीटरहून लांब आहे. तिथे आम्ही गेलो नाही. एवढा वेळ डोंगराच्या पोटात राहायचे आमच्या बाईमाणसाने साफ नाकारले.

शांत दिसणारी प्रत्येक वाट सुरक्षित असते असे मात्र नाही. खेड्यातल्या गल्लीवजा रस्त्यांना दोन्ही बाजूंनी उंच झुडपांचे कुंपण असते, ते फोटोत फार छान दिसते. पण त्यातल्या पुष्कळ रस्त्यांवर कायद्याने ताशी ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे आणि वळणापलीकडचे काही दिसत नाही. २०२० साली सस्ट्रान्सने स्वतःच्याच जाळ्यातला जवळपास चौथा हिस्सा बाजूला काढला किंवा वेगळ्या गटात टाकला, कारण तिथे वाहनांसोबत चालणे घरच्या पोराबाळांना धोक्याचे होते. आपला नकाशा आपणच लहान करणारी संस्था आम्ही फारशी पाहिलेली नाही. काही वाटांच्या तोंडाशी मोटारसायकली अडवायला लोखंडी फाटके लावली आहेत, त्यातून व्हीलचेअर जात नाही. हे आम्हाला खटकले.

सायकल घेऊन गावाबाहेर हवा खायला जाणे ही तिथे आधी पैसेवाल्यांची चैन होती. १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये क्लॅरियन नावाच्या समाजवादी साप्ताहिकाच्या तरुण वाचकांनी क्लॅरियन सायकलिंग क्लब काढला. सुट्टीच्या दिवशी धुराच्या शहरातून कामकरी माणसे खेड्यांकडे निघायची आणि जाताना आपली पत्रके, पेपर वाटत जायची. तो क्लब आजही चालू आहे.

आता शुगरवाल्यांसाठी दोन शब्द, कारण चूक आम्हीच केली. तिसऱ्या दिवशी सकाळची गोळी घेऊन, नुसत्या चहावर निघालो. बिटनच्या अलीकडे हात थरथरायला लागले, दरदरून घाम आला आणि काय बोलतोय ते सुचेना. शुगर उतरली होती. मुलीने खिशातला ग्लुकोज दिला, बाकड्यावर बसवले, १५ मिनिटांनी पुन्हा तपासली आणि मग बिस्किटे खायला दिली. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि शुगरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना हे कष्टाच्या वेळी होऊ शकते. म्हणून पोटात काहीतरी असू द्यावे, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावा, आणि गोळीचे प्रमाण स्वतः कमी-जास्त न करता डॉक्टरांना विचारावे. चप्पल नको, बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय नीट पाहावेत, शुगरमध्ये फोड आलेला कळत नाही. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल त्यांनी आधी तपासून घ्यावे. गुडघ्यासाठी सीट इतकी उंच हवी की पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ होईल. आमच्याकडे बायकांची सीट नेहमी फार खाली असते, पडू नये म्हणून. त्यानेच गुडघा जास्त दुखतो.

पाचव्या आठवड्यात पूर्ण २१ किलोमीटर झाले. साडेतीन तास लागले, त्यात चहा दोनदा. बाथला पोचून नदीकाठी घरून नेलेली पोळी-भाजी खाल्ली आणि शुगर तपासली, १३८ आली. परत येताना रेल्वे घेतली. सायकली डब्यात उभ्या केल्या आणि पंधरा मिनिटांत ब्रिस्टल आले. मुलीने विचारले, "बाबा, खांदा?" तेव्हा लक्षात आले, त्या दिवशी मागे वळून पाहायचे राहूनच गेले होते.