पंथ सुटल्यानंतरची प्रचिती

पंथात शिरणाऱ्यांच्या कथा मराठीत खंडीभर सापडतात. गुरू कसा भेटला, अनुग्रह कसा झाला, गळ्यात माळ कशी पडली, हे कीर्तनांतून, पोथ्यांतून आणि घरातल्या म्हाताऱ्यांकडून आपण ऐकत आलो आहोत. पंथातून बाहेर पडलेल्यांचं पुढे काय झालं, हे मात्र फार थोड्यांनी लिहून ठेवलं. सोडून गेलेला माणूस जुन्या मंडळींच्या लेखी बुडालेला असतो. दुसऱ्या एखाद्या मंडळीने त्याला जवळ केलं, की तो लगेच त्यांच्या विजयाची खूण होऊन बसतो. त्याची शंका आणि त्याला आलेला अनुभव या दोन्ही गोष्टी त्याच्याच होत्या, हे कुणी ध्यानात घेत नाही. गेल्या दीडशे वर्षांत मराठी मुलखात अशी जी माणसं होऊन गेली, त्यांचा हा मागोवा आहे.

तो माजलगावातून घ्यायला कारण आहे. आमच्या तालुक्यात मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. पुरुषोत्तमपुरीला दर अधिक महिन्यात दूरदूरची माणसं दर्शनाला लोटतात. नदीच्या वरच्या अंगाला, गेवराई तालुक्यातलं पांचाळेश्वर हे महानुभावांचं आत्मतीर्थ. वारकऱ्यांचे सप्ताह, दर्गे, लिंगायतांचे मठ आणि १९५६ नंतर उभे राहिलेले बुद्धविहार, सगळं एका दिवसाच्या फेरीत पाहून होतं. अशा गावात पंथ म्हणजे माणसाची ओळख, त्याची सोयरीक आणि अडीअडचणीला धावून येणारी चार माणसं. म्हणूनच तो सोडणं इथे महागात पडतं.

पंथ बदलण्याची मराठीतली एक फार जुनी हकिगत याच गोदाकाठच्या परंपरेत आहे. तेराव्या शतकात नागदेव आणि त्यांच्या नात्यातली महदाइसा हे दोघं आधी दादोस नावाच्या गुरूंचे शिष्य होते. पुढे ते महानुभाव पंथाच्या चक्रधरांकडे आले. महदाइसा प्रश्नांवर प्रश्न विचारी. हे असंच का, ते तसंच का, हा तिचा धोशा असे. म्हाइंभट तर चक्रधरांना वादात हरवायला आले आणि शेवटी त्यांनीच चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. शंका घेणाऱ्या बाईचा आणि वाद घालायला आलेल्या पंडिताचा मान ज्या पंथाने राखला, त्याच पंथाचे ग्रंथ पुढे सांकेतिक लिप्यांत बंद झाले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येईनात. दार बंद होणं ही जवळजवळ प्रत्येक पंथाच्या वाटचालीतली एक पायरी आहे.

आधुनिक काळात या विषयावर सर्वांत मोकळेपणाने लिहिलं ते पंडिता रमाबाईंनी. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. पण नेमधर्माला ते पक्के होते. हे कुटुंब तीर्थं फिरत, पुराण सांगत आणि हाती येईल ते दानात घालवत देशभर हिंडलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. दुष्काळ कसा असतो, हे बीड जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. व्रतं, जप, दान यांत काही कसूर झाली नव्हती. तरीही कुणी धावून आलं नाही, याचा हिशेब त्या मुलीने मनात ठेवला.

त्याच भटकंतीतला एक प्रसंग रमाबाईंनी सांगितला आहे. हिमालयाच्या भागात एका तळ्यात सात तरंगत्या टेकड्या होत्या. त्यांना सप्तर्षी मानत. पापी माणसाकडे त्या येत नाहीत आणि पुण्यवंताकडे आपणहून सरकतात, असं पुजारी सांगत. पाण्यात सुसरी आहेत, उतरू नका, अशी ताकीदही देत. रमाबाईंच्या भावाने एका पहाटे, कुणी नसताना, पाण्यात उडी टाकली आणि पोहत टेकडीपाशी गेला. तिथे लाकडाच्या तराफ्यावर दगडमाती रचून झाडं लावलेली होती. मागच्या बाजूला नाव होती. भाविक दक्षिणा देऊन हात जोडून उभा राहिला, की नावेतला माणूस तराफा ढकलायचा. माझ्या मते मराठी मुलखातल्या चिकित्सेच्या इतिहासात या तरुणाच्या पोहण्याला मानाचं पान द्यायला हवं. त्याने कुणाशी वाद घातला नाही, कुणाची टवाळी केली नाही. जाऊन पाहिलं, एवढंच.

पुढे १८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले, रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, पण दोन वर्षांच्या आतच तेही गेले. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या जोगिणींच्या मठात असताना, २९ सप्टेंबरला, त्यांनी लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब झाला. इथल्या लोकांना वाटलं बाई बाटली, तिथल्यांना वाटलं बाई आपली झाली.

रमाबाई कुणाच्याच झाल्या नाहीत. मठात त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या जोगिणीशी आणि बिशपांशी त्यांचा जो पत्रव्यवहार चालला, तो वाचताना नवल वाटतं. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, असं त्यांनी कळवून टाकलं. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या लोकांना लॅटिन कळत नाही, त्यापेक्षा संस्कृत घाला, असा त्यांचा आग्रह होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. एका पुरोहितवर्गाचं जोखड मानेवरून मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता दुसऱ्याचं चढवून घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी स्वच्छ लिहिलं. ज्यांच्या घरात राहायचं, ज्यांचं अन्न खायचं, त्यांनाच परक्या देशात, कडेवर लहान मूल असताना हे सुनवायला किती धैर्य लागलं असेल!

आणि हीच शंकेखोर बाई पुढे सांगते, की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी तिला खरा आतला अनुभव आला. धर्म मिळाला होता, देव नंतर भेटला, असा तिचा कबुलीजबाब आहे. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन, मग केडगावला मुक्तिसदन, दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली, आणि १९०५ मध्ये त्याच केडगावात प्रार्थनेला बसलेल्या मुलींना आलेले उमाळे. त्या काळात याला उन्माद म्हणणारे होते आणि चमत्कार म्हणणारेही होते. रमाबाईंनी मुलींच्या वागण्यात पुढे काय फरक पडतो, इकडे लक्ष ठेवलं. उरलेल्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, कारण मध्यस्थाच्या शब्दावर त्यांना विसंबायचं नव्हतं. १९२२ साली गेल्या, तोवर अनुभव आणि चिकित्सा या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी शाबूत होत्या.

नारायण वामन टिळकांची गोष्ट याच वाटेने जाते. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. म्हणजे एकदा घर सोडलेल्या माणसाने दुसऱ्यांदाही बंद दार मानलं नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आमच्याच गोदावरीच्या काठावरच्या. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकात त्या वाढल्या. नवऱ्यामागोमाग लगेच गेल्या नाहीत. जात देवाने केली की माणसाने, हे स्वतःच्या मनाशी घोळवून, पुरती खात्री पटल्यावर गेल्या.

बाबासाहेब आंबेडकरांनी तर घाईला थाराच दिला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं त्यांनी धर्म तपासण्यात घालवली. परंपरेने सांगितलं, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतो, एवढ्यावर काही मानू नका, असं कालाम लोकांना सांगणारा बुद्ध त्यांनी निवडला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावोगावच्या वस्त्यांत देवघरं रिकामी झाली. ज्या आज्यांनी जन्मभर त्या देवांना पाणी घातलं, त्यांच्या मनाची ओढाताण दलित आत्मकथनांनी नोंदवून ठेवली आहे. विहारातली वंदना त्यांना आपली वाटायला वेळ लागला. तो वेळ त्यांचा हक्काचा होता.

आता मुसलमान समाजाकडे वळू. अभियंता म्हणून मुंबई महापालिकेत नोकरी केलेले असगर अली इंजिनीअर एका दाऊदी बोहरा पुरोहिताच्या घरात जन्मले. धर्मपीठाच्या सत्तेला त्यांनी आव्हान दिलं, बहिष्कार सोसला, हल्ले सोसले, आणि २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते श्रद्धावान मुसलमान राहिले. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि ते निखळ बुद्धिवादाकडे गेले. दोघांनी दाराबाहेर पाऊल टाकलं, पण दोघांच्या वाटा वेगळ्या. बाहेर पडणाऱ्याने शेवटी कुठे पोचावं, हे ठरवणारा कुणीच नसावा, हे या दोन आयुष्यांवरून कळतं.

कायद्याचा प्रवासही इथे पाहावा लागतो. मुंबई राज्याने १९४९ मध्ये धर्मबहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. अर्धशतकाहून अधिक काळ वाळीत टाकलेल्या माणसाला या राज्यात खास आधार उरला नव्हता. जातपंचायतींच्या छळाविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आवाज उठवला, आणि अखेर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा २०१७ मध्ये अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. १९६२ च्या निकालाचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला आहे.

मीही एका कडक नेमाच्या मंडळीत वाढलो. कुणाच्या हातचं पाणी घ्यायचं, कुठल्या देवळापुढे हात जोडायचे नाहीत, मुलीला कुठे द्यायचं, हे बैठकीत ठरायचं. शंका विचारली की एकच उत्तर यायचं, श्रद्धा कमी पडते. बाहेर पडलो तेव्हा वाटलं, आता भजन नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. ती सगळी त्यांची मालमत्ता होती, अशीच माझी समजूत करून दिलेली होती.

नंतर शेजारच्या गावच्या सप्ताहात रात्रीचा पहारा घेतला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकाने नमस्कार करून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. मंडपात दोन म्हातारे, एक टाळकरी पोरगा आणि मी. नाम घेत येरझाऱ्या घालता घालता केव्हातरी पायांचं ओझं गेलं, वेळ गेला, आणि वीणा घ्यायला माणूस समोर येऊन उभा राहिला तेव्हा उजाडायला आलं होतं. ते सुख खरं होतं. अपुरी झोप, संथ ताल आणि आपलाच आवाज आपल्याला ऐकू येणं, यांनी शरीरात काय घडतं तेही खरं आहे. या दोन्ही सांगण्यांत मला भांडण दिसत नाही. भांडण सुरू होतं ते कुणीतरी येऊन त्या सुखाची पावती आपल्या महाराजांच्या नावे फाडतो तेव्हा.

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९०२ च्या ग्रंथात धार्मिक अनुभव त्याच्या फळांवरून जोखावा असं म्हटलं. रमाबाई केडगावात तेच करत होत्या. अनुभव नाकारायचं कारण नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र तपासलाच पाहिजे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर देवाची चिकित्सा करण्यापेक्षा देवाच्या नावाने केलेल्या दाव्यांची चिकित्सा केली. त्यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तळ्यात उडी घेणाऱ्या त्या तरुणाचंच काम ते पुढे नेत होते.

या सगळ्या माणसांच्या आयुष्यांवरून माझं मत पक्कं झालं आहे. पंथ सोडल्याने देव जातो असं नाही आणि देव राहिला म्हणून शंका सोडावी लागत नाही. दोन्ही एका माणसात नांदतात, अट एवढीच की त्याला वेळ आणि माणसं मिळायला हवीत. वेळ त्याचा तो काढेल. माणसं आपण आहोत. म्हणून माजलगावातल्या, बीडमधल्या आणि सगळ्याच वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरातल्या कुणी माळ काढून ठेवली, कुणी बैठकीला जाईनासं झालं, तर त्याला लग्नाचं बोलावणं थांबवू नका आणि त्याच्या दारच्या दुःखाला जायचं टाळू नका. त्याला आता देव मानतोस का, म्हणून लगेच विचारू नका. आणि कुणी त्याला वाळीत टाकायला सांगितलं, तर तो गुन्हा आहे, हे चारचौघांत मोठ्याने सांगा.