ग्राइंडिंग आणि सुपरफिनिशिंग: फरक कुठे?

जयपूर : नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज, स्थापना १९४६. ‘एनबीसी’ बेअरिंग याच कंपनीची.

बेअरिंगचं पोलाद : सुमारे १ टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. बेअरिंगची कडी आधी लेथवर कापतात, मग भट्टीत तापवून, विझवून कडक करतात. त्यात आकार किंचित बिघडतो. पुढचं काम ग्राइंडिंगचं.

फरक :
• ग्राइंडिंग : वेगाने फिरणारं चाक. माप आणि गोलाई इथे मिळते. उष्णता फार झाली, तर पृष्ठभाग जळतो.
• सुपरफिनिशिंग : बारीक कणांचा दगड हलक्या दाबाने मागे-पुढे हलतो. माप जवळपास तेच राहतं, ओरखडे जातात.

आरए : खडबडीतपणाचं सरासरी माप, मायक्रॉनमध्ये. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ग्राइंडिंगनंतर साधारण ०.१ ते १.६, सुपरफिनिशिंगनंतर ०.१च्याही खाली जाऊ शकतो.

ग्राइंडिंगच्या चाकात हिऱ्याचे कण का नाहीत? हिरा सर्वांत कठीण, पण तापलेल्या लोखंडात त्याचा कार्बन मिसळतो आणि कण लवकर झिजतात. म्हणून पोलादाला क्युबिक बोरॉन नायट्राइड (रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी १९५७मध्ये बनवलेलं). जयपूरच्या पन्ना कापणाऱ्यांना ही अडचण नाही. तिथे हिऱ्याची भुकटीच चालते.