चाळीस की पन्नास वल्ही : आंग्र्यांच्या गलबताची प्रतिकृती

ऐतिहासिक युद्धनौकेची प्रमाणबद्ध प्रतिकृती, म्हणजे मूळ जहाजाचे प्रत्येक माप एकाच गुणोत्तराने लहान करून घडवलेली नौका, ही हस्तकला म्हणून ओळखली जात असली तरी तिच्यातला निम्म्याहून मोठा वाटा वाचनाचा आणि हिशेबाचा असतो. या कामात १:४८ हे प्रमाण जुने आणि प्रतिष्ठेचे आहे. इंग्लंडच्या नौदल-कारभाऱ्यांसाठी सतराव्या-अठराव्या शतकांत ज्या नमुना-नौका केल्या जात त्यांपैकी पुष्कळ याच प्रमाणात आढळतात, कारण मूळचा एक फूट तिथे बरोबर पाव इंच होतो आणि गणित कारागिराच्या बोटांवर राहते. कामाची खरी विभागणी मात्र प्रमाणावरून होत नाही, ती पुराव्यावरून होते: काही जहाजांचे आराखडे उपलब्ध असतात, काहींचे केवळ वर्णन उरलेले असते.

पहिल्या प्रकारचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच घडलेले आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागात बांधलेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, म्हणजे मुख्य तोफा एकाच मजल्यावर असलेली वेगवान युद्धनौका, आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेली आहे. तिचा घाट इंग्रजांनी १७८२ मध्ये पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच जहाजावरून घेतलेला होता, आणि त्या घाटाचे आराखडे मुंबईला येत असताना ते नेणारे ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडून नष्ट झाल्यामुळे दुसरी प्रत पाठवावी लागली. आराखडा गेला तर दुसरा मागवता येतो, अशा जगातले हे जहाज आहे. त्याची प्रतिकृती करणाऱ्याला कष्ट पडतात, पण कोडे पडत नाही. शंका आली तर जहाजाचीच फूटपट्टीने मापे घेता येतात.

दुसऱ्या प्रकारात मराठी आरमाराच्या आंग्रे घराण्याचे गलबत येते. खानदेशातल्या भडगावच्या काठाने वाहणारी गिरणा पुढे तापीला मिळते, तापी सुरतेपाशी समुद्र गाठते, आणि वाडिया घराण्याचे पहिले प्रसिद्ध जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी हे त्याच सुरतेहून १७३६ मध्ये मुंबईला आले. खानदेशाचा जहाजांशी असलेला भौगोलिक संबंध एवढ्या लांबच्या वळणाने सांगावा लागतो, आणि भडगावसारख्या ठिकाणी बसून मराठी युद्धनौकेची प्रतिकृती करू पाहणाऱ्याला समुद्राचे हे अंतर सुरुवातीला मोठी अडचण वाटणे स्वाभाविक आहे. पुराव्याचा शोध पुढे सरकतो तशी ही अडचण निम्मी खोटी ठरते. आंग्र्यांचे आरमार पाहायला विजयदुर्गावर गेलेल्या माणसालाही तिथे जहाज सापडत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा एका बाँबगोळ्याने ‘रेस्टोरेशन’ या जहाजाला आग लागली आणि ती एकमेकांना खेटून नांगरलेल्या साऱ्या आरमारात पसरली. ‘रेस्टोरेशन’ हे मुळात आंग्र्यांनीच इंग्रज कंपनीकडून हिसकावलेले जहाज होते. त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने उभे होते, ही गोष्ट मराठी आरमाराच्या गौरवलेखनात बहुधा अर्ध्या वाक्यात उरकली जाते. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र ती विसरता येत नाही, कारण त्याच्यापुढची बहुतेक कोडी त्या एका दिवसाच्या आगीतून निघालेली आहेत. वाघोटनच्या खाडीत आत, गिर्ये गावाजवळ, खडक कोरून केलेली सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद गोदी अजून दिसते. जहाज ठेवण्याची जागा उरली, जहाज उरले नाही.

उरलेला पुरावा शब्दांत आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत गुराब, तरांडे, गलबत, शिबाड, पगार अशी जहाजांची नावे येतात, पण मापे येत नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमाराच्या एका सुभ्यात पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत असा नियम आहे. जहाजे फार थोर नकोत, वाऱ्यावाचून निकामी होणारी तर नकोतच, असा त्यातील आशय आहे. आणि लाकूड तोडताना आंबा-फणसाला परवानगीवाचून हात लावू नये ही सुप्रसिद्ध ताकीदही तिथेच आहे. राज्यकर्त्याच्या धोरणाविषयी हा ग्रंथ जितका स्पष्ट आहे तितकाच सुताराला तो निरुपयोगी आहे.

सुताराच्या उपयोगाचे लेखन सापडते ते शत्रुपक्षाकडे. मद्रासमध्ये कंपनीच्या कौन्सिलावर असलेल्या रॉबर्ट ऑर्म याने १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लष्करी इतिहासात आंग्र्यांच्या नौकांचे बारकाईने वर्णन केले आहे. त्याच्या मते दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची आणि तीन डोलकाठ्यांची ३०० टनांची असे. ती लांबीच्या मानाने खूप रुंद आणि पाण्यात कमी बुडणारी होती, आणि तिच्या आघाडीला भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे आलेली उघडी नाळ होती, जिच्यावर आलेली लाट अडथळ्यावाचून वाहून जाई. गलबत हे गुराबीच्याच बांधणीचे पण लहान, क्वचितच ७० टनांपलीकडे जाणारे. त्याला दोन डोलकाठ्या, त्यांतली मागची अगदी हलकी. मोठ्या डोलकाठीवर एकच त्रिकोणी शीड, ज्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. आणि चाळीस किंवा पन्नास दणकट वल्ही, ज्यांच्या बळावर ते ताशी चार मैल चाले.

चाळीस किंवा पन्नास. इतिहासकार हा आकडा जसाच्या तसा उतरवून पुढे जातो आणि वाचकालाही त्यात काही खटकत नाही, पण प्रतिकृती करणाऱ्याचे काम याच ठिकाणी अडते, कारण ‘किंवा’ लाकडात कापता येत नाही. एका वल्हेकऱ्याला मागे झुकून ओढायला दुसऱ्यापासून निदान तीन फूट अंतर लागते असे धरले, तर चाळीस वल्ह्यांसाठी, म्हणजे एका बाजूला वीस, साठ फूट लांबी नुसत्या वल्ह्यांना हवी. पन्नास वल्ह्यांसाठी पंचाहत्तर फूट हवी. निमुळती आघाडी आणि सुकाणूची मागची बाजू मिळून आणखी पंधरा फूट धरले की एक गलबत ७५ फुटांचे होते आणि दुसरे ९० फुटांचे. १:४८ प्रमाणात हा फरक पावणेचार इंचांचा, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरचा पडतो, आणि अर्धा मीटरभर लांबीच्या प्रतिकृतीत तो झाकण्यासारखा नाही.

यावर तपासणी म्हणून ऑर्मचाच दुसरा आकडा वापरता येतो. त्या काळचे इंग्रज जहाजाचे टन वजनकाट्यावर ठरवत नसत, मापांवरून काढत: लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, उरलेल्याला रुंदीने आणि पुन्हा रुंदीच्या निम्म्याने गुणायचे आणि ९४ ने भागायचे. या रीतीने ७५ फूट लांब आणि १४ फूट रुंद गलबत ६९ टनांचे येते, आणि ९० फूट लांबीचे गलबत ७० टनांत बसवायचे तर त्याची रुंदी पावणेतेरा फुटांच्या आत आणावी लागते. दोन्ही गणिते जुळतात, हीच पंचाईत आहे. पण पहिल्या नौकेची लांबी रुंदीच्या सव्वापाच पटींहून थोडी जास्त भरते आणि दुसरीची सात पटींहून अधिक. आणि गलबत हे गुराबीच्या बांधणीचे होते, गुराब लांबीच्या मानाने रुंद होती, असे ऑर्म स्वतःच सांगतो. पन्नास वल्ह्यांचे गलबत त्याच्याच वर्णनात मावत नाही. एका बाकावर दोन वल्हेकरी किंवा आडवेतिडवे बाक अशी सोय मानली तर ते मावूही शकेल, पण त्या सोयीचा उल्लेख त्याने केलेला नाही, आणि न सांगितलेली गोष्ट लाकडात आणण्यापेक्षा सांगितलेल्यांपैकी लहान आकडा पत्करणे हाच या कामातला प्रामाणिक मार्ग म्हणायला हवा. शिवाय कंपनीच्या माणसांना आंग्र्यांचे गलबत बहुधा चालून येतानाच दिसे, आणि चालून येणाऱ्या नौकेची वल्ही जास्तच मोजली जातात, असाही संशय घेण्यास जागा आहे. चाळीस, हाच आकडा येथे ग्राह्य धरावा.

वर्णनावरून किंवा चित्रावरून नौका उभी करण्याचा मोठा प्रयोग नुकताच झाला आहे आणि त्याचे मूळ भडगावापासून, पाचोऱ्याच्या वाटेने गेल्यास, फार दूर नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या पाचव्या शतकातील चित्रात तीन शिडांचे जहाज आहे. त्यावरून भारतीय नौदलाने काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेली पूर्ण आकाराची नौका गोव्यात तयार करवून घेतली आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ती आपल्या ताफ्यात घेतली. चित्राला लांबी-रुंदी दोनच दिशा असतात, तिसरी कल्पावी लागते. म्हणून आधी आयआयटी मद्रासच्या समुद्र-अभियांत्रिकी विभागात लहान प्रतिकृती पाण्यात चालवून घाट तपासला गेला. प्रतिकृती ही शोभेची वस्तू असण्याआधी विचार तपासण्याचे साधन असते, याला यापेक्षा जवळचा दाखला खानदेशी वाचकाला देता येणार नाही.

गलबताच्या अंगाचा बाक, म्हणजे तळापासून काठापर्यंत फळ्या कशा वळतात ती रेषा, ऑर्मकडेही मिळत नाही. ती उसनी घ्यावी लागते. एदमों पारी या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १८४० च्या दशकाच्या आरंभी युरोपबाहेरच्या लोकांच्या नौकाबांधणीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या पत्तेमारीचे प्रमाणबद्ध आराखडे आहेत. पत्तेमारी हे मालवाहू जहाज आणि काळही जवळजवळ शतकभर पुढचा, तरी पुढे झुकलेली आघाडी आणि वल्हवता येईल असा उथळ तळ यांचा किनाऱ्यावरचा सर्वात विश्वासार्ह साक्षीदार तोच आहे. त्याच्या आधारे पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, आधी कापला जातो, त्यावर ठराविक अंतराने आडवे साचे उभे केले जातात आणि भिजवून वाकवलेल्या पातळ पट्ट्या त्यांवर चढवल्या जातात. स्टाव्होरिनस या डच दर्यावर्दीने १७७० च्या दशकात सुरतेच्या जहाजबांधणीविषयी नोंदवले आहे की तिथले सुतार फळ्यांच्या कडा सपाट न ठेवता एकीची खाच दुसरीत बसवत आणि सांध्यात कापूस भरत. कापूस पिकवणाऱ्या मुलखाने कापसाचा हा उपयोग जाणून घ्यावा; प्रतिकृतीत मात्र तो सांधा पेन्सिलीच्या बारीक रेघेपलीकडे दिसत नाही.

लाकडाच्या बाबतीत भावना आणि प्रमाण यांचे भांडण होते. मूळ जहाज सागाचे, म्हणून प्रतिकृतीही सागाची असावी अशी इच्छा होते, आणि साग रंध्याखाली गेला की सुटणारा तो तेलकट, चामड्याच्या जवळ जाणारा वास त्या इच्छेला बळ देतो. पण सागाचे रेषे मोठे असतात. १:४८ च्या फळीवर ते ओंडक्याएवढे जाड दिसतात आणि नौका एकदम खेळणे वाटू लागते. सातपुड्याच्या जंगलात सागाच्याच सोबतीने वाढणारा हेदू, पिवळसर आणि घट्ट पोताचा, या कामाला अधिक योग्य आहे. सागाचा वास हातांना राहावा म्हणून फार तर खालची बैठक त्याची करावी. काही प्रतिकृतीकार साग पातळ करून वापरतातच, आणि तर्काने तो दोष असला तरी तो समजण्यासारखा आहे.

सर्वात समाधानाचे काम वरच्या मजल्याचे आहे. बहुतेक गलबतांवर हलकेपणासाठी चिरलेल्या बांबूचा मजला असे, ही ऑर्मची नोंद कोणत्याही युरोपीय जहाजाच्या प्रतिकृतीत न येणारी गोष्ट समोर ठेवते. इंचभर रुंदीची कांब प्रमाणात जेमतेम अर्धा मिलिमीटर होते, आणि इतकी बारीक चीर सुताराच्या हत्यारांनी निघत नाही. ती बुरुडाच्या कोयत्याची आणि बुरुडाच्या मनगटाची गोष्ट आहे. समुद्र न पाहिलेल्या गावातही हे कौशल्य हाताशी असू शकते. दोरखंडांचे तसे नाही: बाजारातला सुती दोरा काथ्याचा भास देत नाही, त्याची लव ज्योतीवरून जाळून त्याला मेण लावावे लागते आणि रंग तपकिरी, काळसर नव्हे, असा ठेवावा लागतो.

२०२२ मध्ये भारतीय नौदलाच्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली, २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गात साजरा झाला, आणि मराठी युद्धनौकांच्या प्रतिकृतींची मागणी त्यामुळे वाढली असल्यास नवल नाही. ही आस्था चांगली आहे, तिचा पुरवठा करणारा माल मात्र बहुधा चांगला नाही. स्मरणवस्तूंच्या दुकानांत भगवा झेंडा लावून मिळणारी नौका पुष्कळदा तीन मजली, चौकोनी शिडांची, मागे खिडक्यांचा मनोरा असलेली युरोपीय गॅलियन असते, म्हणजे आज्ञापत्राने जी करू नये म्हटले नेमकी तीच. परक्यांचा प्रभाव मराठी आरमारावर नव्हता असे नाही. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे शिवाजी महाराजांसाठी जहाजे बांधताना रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर कामावर होता. पण प्रभाव ओळखण्यासाठी आधी मूळ घाट ठाऊक असावा लागतो, आणि तो झेंड्याने भरून निघत नाही.

घाट, लाकूड, वल्ही आणि शीड यांचा निर्णय झाल्यावरही काठाचा प्रश्न राहतो. बांबूच्या मजल्याच्या गलबतांवर फक्त जंबुरे, म्हणजे खुंटीवर फिरणाऱ्या हलक्या तोफा, नौकेच्या काठावरच बसवलेल्या असत. पक्क्या मजल्याच्या मोठ्या गलबतांवर दोन ते चार पौंडी गोळ्याच्या सहा-आठ तोफा चढत. काठाची जी फळी जंबुऱ्याची खुंटी धरते तिच्याच आधाराने दर तीन फुटांवर, प्रतिकृतीत पाऊण इंचावर, एक वल्हे ओढले जाते. त्यामुळे प्रत्येक जंबुरा दोन वल्ह्यांच्या बरोबर मध्ये आणि वल्हेकऱ्याच्या मागे झुकणाऱ्या डोक्याला लागणार नाही इतका उंच बसवावा लागतो. असे एका बाजूला किती बसवायचे याचा आकडा ऑर्मने दिलेला नाही. दर पाच वल्ह्यांमागे एक धरला तर एका बाजूला चार येतात. लागणारी भोके सुईच्या जाडीची असतात आणि ती फळी चढवण्याआधी पाडावी लागतात, नंतर पाडायला गेले तर हेदूही चिरतो.