चित्रकथांचीं मूळ पत्रें व फर्माशी चित्रें

हस्तलिखितांच्या संग्राहकास मूळ प्रत कोणती व नक्कल कोणती हा प्रश्न पदोपदीं पडतो. त्याचा निर्णय कागद, अक्षराचें वळण, समासांतील शेरे व समाप्तिलेख यांवरून करावा लागतो. हाच प्रश्न आतां एका अगदीं निराळ्या वर्गाच्या कागदांसंबंधीं उपस्थित झाला आहे. अमेरिकेंत ज्यांस कॉमिक म्हणतात त्या चित्रकथापुस्तिका छापण्यासाठीं चित्रकारांनीं स्वहस्तें काढलेलीं पानें संग्राहक आस्थेनें जमवीत आहेत. शिवाय त्याच चित्रकारांकडून मोबदला देऊन नवीं चित्रेंही काढवून घेत आहेत. पहिल्या वर्गास आम्ही या लेखांत ‘मूळ पत्र’ व दुसऱ्यास ‘फर्माशी चित्र’ म्हणतों. या दोहोंतील भेद पुढील पिढीस कळावा अशी तजवीज आजच्या संग्राहकानेंच केली पाहिजे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. मूळ पत्राचें स्वरूप.— छापील पान रंगीत असलें तरी पूर्वीच्या पद्धतीचें मूळ पत्र बहुधा केवळ काळ्या शाईचें असतें. रंगांच्या सूचना निराळ्या प्रतीवर देत असत; सबब रंग नसणें हें अपूर्णतेचें लक्षण नव्हे. पत्र ब्रिस्टल नांवाच्या जाड कागदावर असून छापील पानाहून मोठें असतें. १९६७ च्या सुमारापर्यंत चित्राची चौकट सुमारें साडेबारा इंच रुंद व साडेअठरा इंच उंच असे; पुढें ती दहा इंच व पंधरा इंच अशी झाली. म्हणून १९६३ सालचें म्हणून दाखविलेलें अमेरिकन पत्र जर लहान मापाचें असेल, तर परीक्षकानें तेथेंच सावध व्हावें.

एकाच पत्रावर अनेकांचे हात असतात. एकानें पेन्सिलीनें रेखाटावें, दुसऱ्यानें त्यावर शाई फिरवावी, तिसऱ्यानें अक्षरें लिहावीं, अशी कामाची वांटणी असे. त्यामुळें ‘हें अमक्याचें चित्र’ एवढें म्हणून भागत नाहीं. कोणता हात कोणाचा हें वेगळें नोंदवावें लागतें. पांढऱ्या रंगानें केलेल्या दुरुस्त्या, डकविलेल्या मजकुराच्या पट्ट्या आणि छापखान्याच्या कॅमेऱ्यास न दिसणाऱ्या फिकट निळ्या पेन्सिलीच्या खुणा यांवरून पत्र खरोखर छापण्यासाठीं वापरलें गेलें कीं नाहीं याचा अंदाज बांधतां येतो. १९५४ सालीं स्थापन झालेल्या प्रकाशकांच्या नियामक मंडळाचा शिक्काही कांहीं पत्रांवर आढळतो.

सर्वांत मोलाचे ते समास. मार्व्हल या प्रकाशनसंस्थेंत १९६० नंतरच्या दशकांत चित्रकार अगोदर सर्व कथा रेखाटीत व स्टॅन ली मागाहून संवाद लिहीत. जॅक कर्बी यांच्या कित्येक पत्रांच्या समासांत प्रत्येक चित्रांत काय घडत आहे याचीं त्यांच्याच हातचीं टिपणें आहेत. कथेचा कर्ता चित्रकार कीं लेखक, या बहुचर्चित वादांत हीं टिपणें म्हणजे समकालीन अस्सल पुरावा होय. छापील अंकांत त्यांचा मागमूसही नाहीं. पत्र स्वच्छ करण्याच्या हौसेनें तीं खोडणें, किंवा चौकटींत बसविण्यासाठीं समास कापणें, हें दप्तरांतील कागदाच्या पाठीवरचा शेरा खरवडून काढण्यासारखें आहे.

२. पत्रांची परंपरा.— आरंभीं प्रकाशक या पत्रांस छपाईचें साधन समजत. काम झाल्यावर तीं कापून टाकलीं गेलीं, कोणास भेट दिलीं गेलीं, किंवा नाहींशीं झालीं. यास ठळक अपवाद ई. सी. या संस्थेचे विल्यम गेन्स यांचा. त्यांनीं १९५० नंतरच्या चित्रकथांचीं जवळजवळ सर्व पत्रें जपून ठेविलीं व पुढें रस कॉक्रन यांच्या मार्फत लिलावानें विकलीं. त्यामुळें त्या पत्रांची परंपरा आरंभापासून सांगतां येते. १९७० नंतरच्या दशकांत मोठ्या संस्था चित्रकारांस पत्रें परत देऊं लागल्या, तरी मागील पत्रांचा प्रश्न सुटला नाहीं. कर्बी यांनीं मार्व्हलसाठीं हजारों पृष्ठें काढलीं होतीं. दीर्घ तंट्यानंतर १९८७ सालीं त्यांस सुमारें २,००० पत्रें मिळालीं. याच्या उलट, स्पायडर-मॅन ज्यांत प्रथम अवतरला त्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकाचीं (१९६२) स्टीव्ह डिटको यांनीं काढलेलीं २४ पत्रें एका निनांवी दात्यानें २००८ सालीं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयास अर्पण केलीं. अंक अखंड राहिला व अभ्यासकांस खुला झाला.

द्रव्यलोभही येथें लक्षांत घेतला पाहिजे. ‘सीक्रेट वॉर्स’च्या ८ व्या अंकाचें (१९८४) माइक झेक यांनीं रेखाटलेलें एक पत्र जानेवारी २०२२ मध्यें ३३ लक्ष ६० हजार डॉलरांस विकलें गेलें. जेथें इतकी किंमत येते तेथें बनावटही येणारच.

३. फर्माशी चित्रें.— यांचे तीन प्रकार करतां येतील : संमेलनांत चाहत्यासाठीं झटपट काढलेलें रेखाचित्र, संग्राहकानें विषय सांगून काढविलेली नवी रचना, आणि पूर्वीं छापलेल्या मुखपृष्ठाची त्याच किंवा दुसऱ्या चित्रकारानें पुन्हा केलेली प्रतिकृति. पहिले दोन सहसा भ्रम उत्पन्न करीत नाहींत. तिसरा मात्र धोक्याचा. मूळ चित्रकारानेंच तीस वर्षांनीं आपलें मुखपृष्ठ पुन्हा काढलें, तर हात अस्सल, स्वाक्षरी अस्सल, आणि तरीही पत्र मूळ नव्हे! पाठीवर तारीख नसेल तर दोन हस्तांतरांनंतर तें मूळ म्हणून खपावयास वेळ लागणार नाहीं.

फर्माशीस हक्काची मर्यादाही असते. डोनल्ड डक या बदकाच्या कथा रचणारे कार्ल बार्क्स यांस निवृत्तीनंतर, १९७१ सालीं, डिस्ने संस्थेनें त्या पात्रांचीं तैलचित्रें काढून विकण्याची परवानगी दिली व संग्राहकांच्या मागण्यांची रीघ लागली. पुढें एका चित्राच्या विनापरवाना छापील प्रती निघाल्या आणि १९७६ सालीं ती परवानगी काढून घेण्यांत आली. कागदाची मालकी म्हणजे छापण्याचा हक्क नव्हे. एकाच्या अविचाराचा भुर्दंड चित्रकारासह सर्वांस पडला.

४. आपल्याकडील प्रकरण.— कथेचीं सुटीं चित्रपत्रें आपणांस नवीं नाहींत. सिंधुदुर्गांतील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेंत एका कथेच्या चित्रांचा संच ‘पोथी’ म्हणून सांभाळीत. अशी पोथी फोडून एकेक चित्र विकल्यास कथेचा क्रमच हरवतो. अर्वाचीन काळांत मुंबईंत १९६७ सालीं अनंत पै यांनीं ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक इत्यादि चित्रकारांनीं तींत काम केलें. या वर्गाचें एखादें पत्र हातीं आल्यास त्यास रद्दी न समजतां हस्तलिखिताच्याच काळजीनें पाहावें.

५. संग्राहकांस सूचना.— (अ) प्रत्येक पत्राचें माप, अंक, पृष्ठ, समासांतील लेखन व पूर्वींचे मालक यांची नोंदवही ठेवावी. (आ) एका कथेचीं पत्रें फोडूं नयेत. फोडणें अपरिहार्य झाल्यास अगोदर सर्वांचीं दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावींत. (इ) पत्र उन्हांत लावूं नये व त्यास चिकटपट्टी लावूं नये. (ई) फर्माशी चित्र सांगतांना विषय, माप, साधन, मुदत, मोबदला व पुनर्मुद्रणाचा हक्क हीं कलमें लेखी ठरवावींत. (उ) चित्र पुरें होतांच त्याच्या पाठीवर चित्रकाराच्या हातून तारीख, मागणी करणाराचें नांव व प्रतिकृति असल्यास मूळ अंकाचा निर्देश लिहवून घ्यावा.

हें शेवटचें कलम सर्वांत सोपें व सर्वांत महत्त्वाचें आहे. जुन्या लेखकानें पोथीच्या शेवटीं शक, तिथि, आपलें नांव व कोणासाठीं लिहिली हें नमूद केलें म्हणून तिचा काळ आज आपणांस निश्चित करतां येतो. तेवढ्या चार ओळी आजच्या संग्राहकानें चित्रकाराकडून लिहवून घेतल्या, तर शंभर वर्षांनंतरच्या संशोधकास अस्सल व नक्कल यांचा निवाडा करण्यास तर्कावर विसंबावें लागणार नाहीं.