दोन विमानतळांमधील अंतर व प्रवासाचा वेळ

'जानेवारी महिन्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान त्याच दिवशी सायंकाळी साडेसहा वाजता लंडनला उतरले. तर प्रवासास किती वेळ लागला?' या उदाहरणाचे उत्तर वरच्या वर्गांतील मुले सहजच 'साडेचार तास' असे देतात. वजाबाकी बरोबर असते. उत्तर मात्र चुकते. अशा वेळी नुसती फुली मारली, तर मुलाचा स्वतःच्या गणितावरचा विश्वास उडतो. चूक गणितातील नसून भूगोलातील आहे, हे शिक्षकाने त्यास उलगडून दाखविले पाहिजे.

प्रथम अंतराचा विचार करू. नकाशावर दोन ठिकाणे पट्टीने जोडून प्रमाणाने गुणावयाचे, ही रीत तालुक्याच्या नकाशास चालते. जगाच्या नकाशास चालत नाही. वाटोळी पृथ्वी सपाट कागदावर पसरताना आकार व अंतरे बिघडतात. येथे पृथ्वीगोलच हवा. पुष्कळ शाळांत तो कपाटावर धूळ खात असतो. तो खाली काढावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरल्यास तो सुमारे १७ सेंटिमीटर भरतो. विषुववृत्ताभोवती गुंडाळण्यास सुमारे ९४ सेंटिमीटर दोरा लागतो, आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. त्रैराशिक मांडले की अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर येते. विशेष हे की, या दोऱ्याचा मध्य काळा समुद्र व कास्पियन समुद्र यांमधील कॉकेशस प्रदेशात पडतो. सपाट नकाशावरील पट्टीचा मध्य मात्र सीरिया-तुर्कस्तानच्या आसपास येतो. मुलांना याचे मोठे नवल वाटते.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरल्यास या अंतरास ८ तास पुरावेत. प्रत्यक्षात अधिक लागतात. चढताना व उतरताना वेग कमी असतो; शिवाय विमान दोऱ्याच्या रेषेने जाऊ शकतेच असे नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचे आकाश नागरी विमानांस बंद झाले, तेव्हा अनेक मार्गांस वळसा पडला. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जाताना अडवितात, येताना ढकलतात. (८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे पहिले विमान तर कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले होते.)

आता घड्याळाकडे वळू. वेळापत्रकातील प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. भारताची प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. लंडनची ग्रिनिचच्या शून्य रेखावृत्तावरून. एका अंशास ४ मिनिटे, म्हणजे ३३० मिनिटे, अर्थात साडेपाच तास आपले घड्याळ पुढे. मुंबईत २ वाजले असता लंडनला सकाळचे साडेआठच झालेले असतात. तेथून सायंकाळी साडेसहापर्यंत १० तास होतात; हे खरे उत्तर.

लगेच परतीचे उदाहरण घालावे. लंडनहून रात्री साडेनऊला निघून विमान दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईस आले. घड्याळे साडेचौदा तास दाखवितात. त्यांतून साडेपाच वजा जाता ९ तास उरतात. एका वेळी मिळवावयाचे व दुसऱ्या वेळी वजा करावयाचे, हा नियम पाठ करून घेऊ नये. दोन्ही वेळा एकाच गावच्या घड्याळात मांडावयास लावाव्यात. उदाहरणात महिना मात्र अवश्य सांगावा. कारण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनची घड्याळे एक तास पुढे असतात व अंतर साडेचार तासांचेच राहते.