पाइपलाइनीवरील स्प्रिंगची झडप

विहिरीपासून अगर नदीपासून शेतापर्यंत जमिनीत पुरलेली प्लास्टिकची नळी ही नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील बागाईतदारास पूर्वीच्या मोटेइतकीच परिचयाची झाली आहे. गोदाकाठी अर्धापुराकडे केळीस पाणी न्यावयाचे असो, किंवा लातुराकडील माळावर बोअरच्या बेताच्या पाण्यावर ऊस ठिबकने जगवावयाचा असो, नळीवाचून काम चालत नाही. नळी, पंप व ठिबकचा संच यांवर आपण मोठा खर्च करितो. परंतु या सर्वांचे रक्षण करणारी जी एक लहानशी झडप, जिला दुकानदार प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. कित्येकांकडे ती मुळी नसतेच; आणि असते तेथेही पुष्कळदा ती गळते म्हणून आवळून निकामी करून ठेविलेली आढळते.

नळी फुटते का, हे प्रथम पाहू. ७५ मिलिमीटरची एक हजार मीटर नळी भरली म्हणजे तीत सुमारे पावणेचार टन पाणी असते. पाच अश्वशक्तीचा पंप चाळीस-पन्नास मीटर उंचीवर सेकंदाला चार लिटरच्या आसपास पाणी देतो, तेव्हा हे सर्व ओझे सेकंदास सुमारे एक मीटर वेगाने चाललेले असते. वीज एकाएकी गेली की हा प्रवाह थांबतो, उलटा फिरतो व पंपाजवळच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर येऊन आदळतो. चालत्या गाडीस भिंत आडवी यावी तसा हा प्रकार आहे. या धक्क्याचे गणित रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ साली मॉस्को शहराच्या पाण्याच्या नळांवर प्रयोग करून बसविले. त्या हिशेबाने, आपल्या प्लास्टिकच्या नळीत सेकंदास एक मीटर वेग अडला तर दर चौरस सेंटिमीटरास तीन ते चार किलो दाब जास्तीचा चढतो; लोखंडी नळीत तो दहा किलोवर जातो. नळीतील मूळचा दाब चार किलो असेल व नळी सहा किलोची घेतली असेल, तर पुढे काय होणार हे सांगावयास नको. शिवाय नळीवर छापलेला दाब २७ अंश उष्णतेस धरलेला असतो. वैशाखात उघड्यावर पडलेल्या नळीस तितका सोसत नाही.

जेथे रात्रीची वीज येते व पंपास ऑटो लावलेला असतो, तेथील नुकसान विशेष. वीज जाते, सांधा उकलतो, घटकाभराने वीज परत येते व पंप आपोआप सुरू होतो. मालक घरी निजलेला असतो. सेकंदास चार लिटरप्रमाणे पाच तासांत ७२ हजार लिटर पाणी उकललेल्या सांध्यातून वाया जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास पाण्याची पहिली आगगाडी आली, तीत पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे अशा सात शेतांतील एका रात्रीची गळती त्या गाडीभर पाण्याइतकी झाली.

आता झडपेकडे वळू. तिचे तत्त्व घरातील कुकरच्या शिट्टीचेच आहे. भोकावर ठराविक भार ठेवावा. आतील दाब त्या भारास भारी झाला की भोक उघडे पडावे. देनी पापँ या फ्रेंच गृहस्थाने १६७९ च्या सुमारास लंडनमध्ये वाफेचे भांडे बनविले, तेव्हा तरफ व वजन यांची अशीच योजना त्याने केली. वजनाचा गुण असा की त्याचा भार सदा एकच राहतो. परंतु जड वजनास हलावयास वेळ लागतो, आणि पाण्याचा धक्का तर क्षणात येऊन जातो. स्प्रिंग हलकी असल्याने तत्काळ मागे सरते, व झडप आडवी बसविली तरी चालते. मात्र रॉबर्ट हुक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे स्प्रिंग जितकी अधिक दाबावी तितका तिचा विरोध वाढतो. झडप जशी उघडत जाते तशी तीच स्प्रिंग तिला अधिकाधिक अडवू लागते. आमच्या मते झडपेच्या रचनेतील खरी मेख हीच होय, आणि स्वस्त झडपा येथेच फसतात.

वरील नळीसाठी २५ मिलिमीटर भोकाची झडप घेऊ. भोकाचे क्षेत्र ४.९ चौरस सेंटिमीटर. पाच किलो दाबास ती उघडावी असे ठरविले, तर स्प्रिंगने तिला साडेचोवीस किलो भाराने दाबून धरिले पाहिजे. झडप किती उचलावी? भोकाच्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचलली की कडेने मिळणारी वाट भोकाएवढीच होते. त्याहून अधिक उचलून लाभ नाही. येथे सहा मिलिमीटर पुरेत. पूर्ण उघडल्यावर दाब सहा किलोच्या वर जाऊ नये, म्हणजे त्या सहा मिलिमीटरांत भार सुमारे पाच किलोनेच वाढला पाहिजे. याचा अर्थ स्प्रिंग दर मिलिमीटरास सुमारे आठशे ग्रॅम विरोध करणारी, आणि बसवितानाच तीस मिलिमीटर दाबून बसविलेली असावी.

याउलट आखूड व ताठ स्प्रिंग घेतली व ती सहाच मिलिमीटर दाबून तोच साडेचोवीस किलो भार आणला, तर गेजावर झडप पाच किलोलाच गळू लागलेली दिसेल आणि घेणाऱ्याचे समाधान होईल. पण ती पूर्ण उघडण्यास दहा किलो दाब लागेल! तोपर्यंत नळी शिल्लक राहत नाही. म्हणून स्प्रिंग लांब व मऊ पाहिजे. चार मिलिमीटर जाडीची पोलादी तार, वेढ्याचा सरासरी व्यास २८ मिलिमीटर, कामाचे वेढे चौदा, दोन्ही टोकांस एकेक सपाट वेढा व मोकळी लांबी ११० मिलिमीटर, अशी स्प्रिंग वरील कामास बसते. कारागिराने चारऐवजी पाच मिलिमीटरची तार वापरली तर स्प्रिंग जवळजवळ अडीचपट ताठ होते, हे ध्यानात असावे. एवढी झडप पूर्ण उघडली म्हणजे सहा किलो दाबास सेकंदाला दहा लिटरच्या आसपास पाणी सोडते. पाच अश्वशक्तीच्या पंपास ते भरपूर झाले.

वरच्या स्क्रूचे आटे दीड मिलिमीटरचे असतील तर चार फेऱ्यांत दाब एक किलोने चढतो. आणखी आवळीत गेल्यास वेढ्यास वेढा भिडतो आणि झडपेचे बूच होते. हा मोह नवा नाही. इंग्लंडात आगगाडीचे ड्रायव्हर अधिक जोर मिळावा म्हणून इंजिनाच्या झडपांची स्प्रिंग आवळून ठेवीत व त्यातून बॉयलर फुटत. म्हणून १८५० नंतरच्या दशकात जॉन रॅम्सबॉटम यांस ड्रायव्हरला आवळताच येणार नाही अशी जोडझडप योजावी लागली. झडप ठिबकू लागली तर बहुधा बैठकीवर वाळूचा कण अडकलेला असतो. झडप हाताने उचलून पाण्याने धुऊन काढावी; स्क्रूस हात लावू नये. दाब एकदा ठरविला की नट घट्ट करून त्यावर रंगाची खूण करावी, म्हणजे गड्याने फिरविल्यास लगेच कळते.

झडप नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे, शेताच्या बाजूस, फिल्टरच्या आधी बसवावी. मध्ये कोणताही कॉक नसावा. सुटलेले पाणी नळीने परत विहिरीत सोडावे. वीज गेल्यावर प्रथम उंचवट्यावर नळीत पोकळी पडते व पातळ नळी चेपते. त्यावर या झडपेचा काही उपाय चालत नाही, तेथे हवेची झडप निराळी लागते. ठिबकचे सर्व कॉक एकदम बंद करण्याची सवयही सोडावी.

महिन्यातून एकदा पंप चालू ठेवून पुढील कॉक हळूहळू बंद करावा. गेजाचा काटा पाचावर येताच पाणी सुटले पाहिजे, आणि कॉक उघडल्यावर साडेचारच्या आसपास थांबले पाहिजे. पाचाच्या पुढे काटा जाऊनही पाणी सुटले नाही, तर कॉक तत्काळ उघडून पंप बंद करावा व स्प्रिंग गंजली आहे की दांडा अडकला आहे, हे झडप खोलून पाहावे.